बाईकची चेन घासते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बाईकला काय काय ओढावं लागतं ते आपण रोज बघतो. शेतातून कडब्याच्या पेंढ्या, सकाळी दुधाचे कॅन, सणासुदीला तुळजापूरच्या घाटात तिघं जण. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात काळी चिकण माती. या सगळ्याचा पहिला मार चेनला बसतो आणि चेन तो शेजारच्या भागांवर काढते. कव्हर, चिमटा (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा, म्हणजे स्विंग आर्म), स्टँड, वायरी, कधी कधी इंजिनचं केसिंगसुद्धा. गॅरेजात रोज येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे घासल्याची खूण दिसते तिथला भाग बहुतेक वेळा निर्दोष असतो, हे खालच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल. तो भाग बदलला की आवाज आठवडाभर थांबतो आणि परत सुरू होतो. खूण नीट बघितली तर खरं कारण सापडतं.

तपासायला बसण्याआधी काय काळजी घ्यायची?

इंजिन बंद, चावी खिशात, गाडी मेन स्टँडवर, गियर न्यूट्रलमध्ये. चाक फक्त हाताने फिरवायचं. गाडी चालू करून, गियर टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरणारे लोक अजूनही दिसतात. फडकं चेनमध्ये ओढलं गेलं की त्यामागे बोट जातं, आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या, दातात सापडलेलं बोट शाबूत परत येत नाही. घाई कितीही असो, हा नियम मोडू नका. आणि गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर सायलेन्सर थंड होऊ द्या. मे महिन्यात आपल्याकडे तो लवकर थंड होत नाही.

आवाज चेनचाच आहे हे कसं ओळखायचं?

मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने जाताना क्लच दाबा आणि गाडी नुसती वाहू द्या. इंजिनचा वेग खाली आला तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबर चालूच राहिला, तर तो चेन, चाक किंवा ब्रेककडचा. क्लच दाबताच बदलला किंवा गेला, तर दोन शक्यता. एक तर तो इंजिनचा आहे, नाहीतर चेनवर ताण असतानाच येणारा आहे. मग गाडी वाहत असताना मागचा ब्रेक हलका लावून बघा. ब्रेक लावल्यावर आवाज बदलला तर आधी ड्रम उघडून ब्रेक शू बघा.

चेनच्या आवाजाचेही प्रकार आहेत. सतत ‘खर्रर्र’ म्हणजे चेन कशाला तरी लागून सरकतेय. खड्ड्यातून जाताना किंवा अॅक्सिलरेटर सोडताना ‘खडाड्’ असा आवाज म्हणजे ढिली चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर आपटतेय. ठराविक अंतराने येणारा ‘टक... टक’ सगळ्यात उपयोगी, कारण तो मोजता येतो.

टक-टक मोजायचं कसं?

मागच्या टायरवर एका जागी खडूने रेघ मारा. चाक हाताने सावकाश फिरवा आणि दर टकला चाकाची किती फेरी झाली ते बघा. दर फेरीला एक टक येत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे, म्हणजे वाकलेलं मागचं मोठं स्प्रॉकेट, तुटका दात, सैल झालेला स्प्रॉकेटचा बोल्ट. दर अडीच-पावणेतीन फेऱ्यांनी एकदाच येत असेल तर दोष चेनमध्ये आहे. एखादी कडी जाम झालेली किंवा चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) कशाला तरी लागतंय.

हिशोब सोपा आहे. मागे ४२ दात आणि चेनला ११२ कड्या असतील, तर पूर्ण चेन एकदा फिरायला चाकाच्या सुमारे २.७ फेऱ्या लागतात. तुमच्या गाडीचे दात मोजा, कड्या मोजा, भागाकार करा. या मोजणीला पाच मिनिटं लागतात आणि अर्धी शोधाशोध इथेच संपते.

नेमकं कुठे लागतंय ते दिसत नाही. कव्हर बंद आहे.

पूर्ण बंद कव्हरच्या गाड्यांत कव्हरला एक छोटं भोक आणि त्यावर रबरी बूच असतं. ते चेनचा ढिलेपणा बघायला दिलेलं आहे. त्यातून चेन दिसते, पण घासण्याची जागा दिसत नाही. त्यासाठी कव्हर उघडावंच लागतं.

उघडल्यावर लगेच पुसून काढू नका. आधी बघा. सुकलेल्या काळ्या चिकट थरात एखादी स्वच्छ, चकचकीत पट्टी दिसली तर चेन तिथे आजही लागतेय. पट्टीवर गंज किंवा धूळ बसली असेल तर ती जुनी जखम आहे, तिच्या मागे लागू नका. खाली साचलेल्या मळात बोट फिरवा. चंदेरी चमक दिसली तर धातू झिजतोय, काळे रबरी कण असतील तर चेन टेकायचा रबरी स्लायडर, आणि तांबूस-लालसर भुकटी असेल तर चेन कोरडी पडून पिना गंजत झिजतायत.

मग सगळं रॉकेलने धुऊन, सुकवून, संशयाच्या प्रत्येक जागी ओल्या खडूचा पट्टा ओढा. कव्हरची आतली बाजू वर आणि खाली, चिमट्याचा वरचा भाग, त्याची चेनकडची बाजू, मेन स्टँडचा पाइप, टायरची डावी भिंत. कव्हर परत लावा आणि एक-दोन किलोमीटर फिरून या, त्यात दोन-तीन स्पीड ब्रेकर येऊ द्या. शक्य असेल तर मागे तुमच्या नेहमीच्या माणसाला बसवा. परत उघडलं की खडू कुठे पुसला गेला ते स्वच्छ दिसतं. अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा ही चाचणी मला जास्त विश्वासाची वाटते.

कुठल्या खुणेचा काय अर्थ?

चिमट्याच्या वर, पुढच्या टोकाला रबराचा किंवा प्लास्टिकचा स्लायडर असतो. त्यावर दोन समांतर हलक्या चरा असणं ठीक आहे, चेनने त्यावर टेकावं म्हणूनच तो दिलेला असतो. काळजी कधी करायची? चरा इतक्या खोल झाल्या की खालचा धातू दिसायला लागला, किंवा दोन चरांपैकी एकच खोल आहे, तेव्हा. एकच चर खोल म्हणजे चेन तिरकी चालतेय.

इथे चेन कशी हलते ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. अॅक्सिलरेटर दिला की वरची बाजू ताणली जाते आणि ढिलेपणा सगळा खाली जातो. अॅक्सिलरेटर सोडला की उलट होतं, वरची बाजू सैल पडून चिमट्यावर येते. म्हणून वरच्या स्लायडरची झीज ही मुख्यतः खड्डे आणि अॅक्सिलरेटर सोडण्याच्या वेळची असते. कव्हरच्या तळाला पडलेला खड्डा मात्र चेन लोंबते हेच सांगतो.

कव्हरच्या बाहेरच्या भिंतीला आतून गोल रेघ पडली असेल तर चेन लॉक किंवा बाहेर आलेली पिन बघा. कधी कधी साडी गार्डचा किंवा मागच्या फुटरेस्टचा लांब बोल्ट कव्हरला आत दाबतो आणि चेन बिचारी आपल्या जागीच असते. गाडी डावीकडे पडली असेल तर कव्हरचा पत्रा आत गेलेला असतो, तो हाताने दाबून बघितला तरी कळतो.

मेन स्टँडच्या पाइपवर घासतंय, तेही स्टँड वर असताना? स्टँड जिथे टेकतो तिथलं रबर बघा. ते पडून गेलं की स्टँड जरुरीपेक्षा जास्त वर जातो आणि चेनच्या वाटेत येतो. स्टँडचं बुश (बोल्टभोवतीची नळी) झिजलं असेल तर तो डावीकडे लोंबतो. रबराची किंमत नगण्य असते, पण त्यापायी चेन सेट गेलेल्या गाड्या येतात.

स्प्रॉकेटच्या दातांची फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड चमकत असेल, आणि चेनच्या आतल्या पट्ट्यांवर त्याच बाजूला चमक असेल, तर चाक वाकडं बसलंय. या खुणेत सहसा चूक होत नाही.

चेन किती ढिली असावी?

रोजच्या १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना साधारण २० ते ३० मिमी. म्हणजे दोन स्प्रॉकेटच्या मधोमध खालची चेन बोटाने वर ढकलली आणि खाली सोडली तर एकूण हालचाल दोन ते तीन सेंटिमीटर. लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त लागते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतो. गाडी मेन स्टँडवर मोजायची की साइड स्टँडवर, तेही तिथेच लिहिलेलं असतं, कारण दोन्हीत आकडा वेगळा येतो.

एका जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. जुनी चेन एका जागी टाइट आणि दुसऱ्या जागी सैल निघते. सेटिंग नेहमी सगळ्यात टाइट जागेवर करायचं. तिथे योग्य ठेवल्यावर दुसऱ्या जागी चेन लोंबायला लागली तर सेटिंगने काही होणार नाही, ती चेन बदलायची वेळ झाली.

घासते म्हणून चेन चांगली टाइट करून घेतली. चालेल ना?

नाही. हे सगळ्यात महागात पडतं. मागे वजन पडलं की चिमटा वर जातो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा अॅक्सल (चाकाचा मधला दांडा) एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं आणि चेन तेव्हा सगळ्यात जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर चेन तारेसारखी ताठ ठेवली, तर दोन माणसं आणि खतांचं पोतं घेऊन खड्ड्यात गेल्यावर तो ताण जाणार कुठे? गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर, ऑइल सीलवर आणि चाकाच्या बेअरिंगवर. पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल गळायला लागलं की बऱ्याच वेळा सुरुवात अशीच झालेली असते.

गाडीवर नेहमी ओझं असेल तर तसं ओझं ठेवून, किंवा दोन माणसांना बसवून, एकदा बघा. त्या स्थितीतही चेनला थोडी हालचाल राहिलीच पाहिजे.

दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या, तरी चेन एका बाजूला घासते. का?

चाक सरळ बसवायला चिमट्यावर दिलेल्या या खुणेच्या रेघा हा अंदाज असतो. काही गाड्यांत त्या दोन्ही बाजूंना अगदी सारख्या नसतात, आणि गाडी एकदा जोरात पडली असेल तर त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून मागच्या अॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. एक मिलिमीटरचा फरकही चेनला कळतो. मग मागून, खाली वाकून, एक डोळा मिटून चेनच्या रेषेत बघा. मोठ्या स्प्रॉकेटपासून पुढे चेन सरळ जायला हवी.

आपल्याकडच्या बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांत आणखी एक भानगड असते. मागे उजवीकडे अॅक्सलचा नट, आणि डावीकडे स्प्रॉकेटच्या बाजूला वेगळा स्लीव्ह नट. घाईत फक्त अॅक्सलचा नट सैल केला आणि अॅडजस्टर (चाक मागे-पुढे करणारे स्क्रू) फिरवले, तर डावी बाजू जागची हलतच नाही, चाक उजवीकडून तेवढं मागे जातं. गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो आणि चेन खरखरते. चेन टाइट केल्यानंतर घासणं सुरू झालं असेल तर पहिला संशय यावरच घ्या.

मोजमाप बरोबर आहे, तरीही चेन डावी-उजवी पळते? मग चिमट्याचं बुश. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. संपूर्ण चिमटा हलला तर बुश गेलं. फक्त चाक हललं तर चाकाचं बेअरिंग. फक्त स्प्रॉकेट डुलत असेल तर त्यामागचं बेअरिंग किंवा हबमधले रबर. बुश गेलेल्या गाडीवर तुम्ही चेन कितीही वेळा सरळ करा, पहिल्या वळणावर ती परत तिरकी होणार.

सेटिंग करून आठच दिवसांत परत ढिली होते.

अॅक्सलचा नट नीट आवळला नाही तर चाक पुढे सरकतं. अॅडजस्टरच्या रेघा परत बघा, जागा बदलली असेल तर हेच झालं. नट आवळल्यावर ढिलेपणा पुन्हा मोजायलाच हवा, कारण आवळताना तो थोडा बदलतो. रेघा जागेवर असतील तर चेन आतून संपलीय.

मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे गेल्यावर ब्रेकही टाइट होतो. तो परत सैल केला नाही तर ब्रेक चिकटून राहतो, ड्रम तापतो, आणि माणूस चेनचा आवाज समजून बसतो.

चेन संपली हे मोजता येतं का?

येतं. चेनच्या पट्ट्या रबरासारख्या ताणत नाहीत. आतल्या पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक कडीत केसभर फट वाढते आणि सगळ्यांची बेरीज होऊन चेन लांबते. छोट्या गाड्यांना बहुतेक ४२८ नंबरची चेन असते, तिच्यात एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत १२.७ मिमी अंतर असतं. चेन ताणून धरा आणि २० कड्यांचं अंतर मोजा, म्हणजे पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत. नवी चेन २५४ मिमी भरते. २५९च्या आसपास गेली, म्हणजे दोन टक्के लांबली, की ती संपली. ५२० नंबरच्या चेनला हेच अंतर नवीनपणी ३१७.५ मिमी असतं. ती सीलवाली, म्हणजे ओ-रिंगची असेल तर एक टक्का वाढ पुरे, ३२१च्या जवळ आली की बदला. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा.

टेप नसेल तर मोठ्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन गेली. आणि दात बघा. नव्याचे दात दोन्ही बाजूंनी सारखे असतात. झिजलेले एका बाजूला वाकून हुकासारखे होतात.

फक्त चेन बदलली तर? स्प्रॉकेट अजून बरे दिसतात.

पूर्ण सेट बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसत नाही, ती दातांवर चढते, आवाज करते आणि लवकर लांबते.

नवा चेन सेट टाकला आणि तेव्हापासूनच घासतंय.

हा प्रश्न सतत येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी पुढचं स्प्रॉकेट उलटं बसलंय का ते बघा. अनेक गाड्यांत त्याची एक बाजू सपाट आणि दुसरीला कडं असतं. उलटं बसवलं की दात काही मिलिमीटर आत किंवा बाहेर जातात आणि चेन थेट केसिंगला किंवा कव्हरला लागते. जुनं काढताना कुठली बाजू बाहेर होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. उलटं बसलेलं स्प्रॉकेट चाक सरळ करून कधीच दुरुस्त होत नाही.

मग चेन लॉक बघा. त्याच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं, म्हणजे वरच्या बाजूला ते इंजिनकडे. उलटं असेल तर क्लिप कशाला तरी अडकून निघू शकते. क्लिप निघाली म्हणजे चेन निघाली.

दातांची संख्याही मोजा. मायलेज किंवा पिकअपसाठी कोणी दातांची संख्या बदलून दिली असेल, तर मोठ्या स्प्रॉकेटवरची चेन कव्हरच्या जवळ जाते आणि लहान पुढच्या स्प्रॉकेटवरची चिमट्याच्या जवळ. दोन्हीकडे मूळची मोकळीक संपते. शेवटी चेनचा नंबर बघा, जुन्या आणि नव्या पट्टीवर छापलेला असतो. नंबर सारखा पण पुढे ‘एच’ असेल तर त्या चेनच्या पट्ट्या जाड असतात. अंगाला अंग लावून बसवलेल्या कव्हरमध्ये घासायला तेवढी जाडीही पुरते.

मागे रुंद टायर टाकलाय. चेन टायरला लागते.

टायर काढा, कंपनीने दिलेल्या मापाचा टाका. चेनने टायरच्या भिंतीतला रबर कापून दोरे उघडे केले असतील तर त्या टायरवर एक दिवसही जाऊ नका. भिंत फुटली तर चाक क्षणात बसतं.

न्यूट्रलचा दिवा गियरमध्येही लागलेलाच राहतो. याचा चेनशी काय संबंध?

बऱ्याच गाड्यांत न्यूट्रल स्विचची वायर पुढच्या स्प्रॉकेटच्या अगदी शेजारून जाते. क्लिपमधून सुटली की चेन तिचं वेष्टण खाते, उघडी तार केसिंगला लागते आणि दिवा सतत लागतो. दिवा बघून गाडी न्यूट्रलमध्ये आहे असं समजून कोणी स्टार्टर मारला तर गाडी उडी मारू शकते, म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करू नका.

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर वर्षातून एकदा तरी उघडायचंच. चिखल आणि जुन्या ग्रीसचा गोळा आत दगडासारखा बसलेला असतो, विशेषतः पावसाळ्यानंतर. तो केसिंगला आणि चेनला सतत घासत राहतो, ऑइल सीलही खराब करतो. लाकडी काडीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हरने नको, सीलला ओरखडा पडतो. कार्ब्युरेटरची ओव्हरफ्लो पाइप किंवा बॅटरीची नळी तिथे लोंबत असेल तर क्लिपमध्ये परत अडकवा.

चिमट्याला चेनने खाच पाडलीय. वेल्डिंग करून घेऊ का?

नुसता रंग गेला असेल तर कारण दूर करा, पॉलिश पेपर मारून प्रायमर आणि रंग लावा, नवा स्लायडर बसवा. नख अडकण्याइतकी खाच असेल तर तिची खोली मोजून घ्या. चिमट्याचा पाइप पोकळ असतो आणि त्याचा पत्रा दिसतो तेवढा जाड नसतो. खाच खोल असेल, कडेला तडा दिसत असेल किंवा आरपार गेली असेल तर चिमटा बदला. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप वाकतो, मग चाक कायमचं तिरकं बसतं. शिवाय तडा वेल्डिंगच्या शेजारूनच पुन्हा येऊ शकतो. मागचं चाक फक्त याच भागावर टिकलेलं आहे, इथे काटकसर करू नका.

स्लायडर मिळत नाही म्हणून ट्यूबचा तुकडा तारेने बांधलेला मी पाहिलाय. तार चेनमध्ये ओढली गेली तर चाक जाम होईल. तसं करू नका.

कव्हरच काढून टाकलं तर घासायचा प्रश्नच मिटेल?

कव्हर धुळीपासून चेन वाचवतं आणि चेनपासून माणूस वाचवतं. मागे बसलेल्या बाईचा पदर, मुलीची ओढणी, टाकीवरून खाली उतरणाऱ्या लहान मुलाचं पाऊल, सगळं त्या चेनपासून वीतभर अंतरावर असतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ मागे बसणाऱ्याच्या कपड्यांपासून चाक झाकायला सांगतो, पण नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पत्रा ठोकून सरळ करा, नाहीतर नवं कव्हर टाका.

सोलापूरच्या धुळीत चेनला काय लावायचं?

जळकं इंजिन ऑइल नको. त्यात धातूचे बारीक कण आणि काजळी असते, म्हणजे आपणच चेनला घासपेपर लावतो. बाहेरून घट्ट ग्रीसही नको, त्यावर धूळ चिकटून लगदा होतो आणि पिनेपर्यंत ते पोहोचतच नाही. ८०-९० ग्रेडचं गियर ऑइल किंवा चेनचा स्प्रे चांगला. साधारण ५०० किलोमीटरला एकदा, आणि पावसात किंवा चिखलात गाडी गेली की त्याच दिवशी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज जाणाऱ्याला महिन्यातून दोनदा तरी लागेल.

आधी रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा, पुसा, सुकू द्या. ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूवर सोडा, चाक हाताने फिरवत. फिरताना ते आतून बाहेर जातं आणि पट्ट्यांच्या मधल्या फटीत शिरतं. दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. शक्यतो रात्री लावा, सकाळपर्यंत मुरतं. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका, सील खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं, जे बाहेरून परत भरता येत नाही.

शेतात काळ्या मातीत गाडी गेली. नुसतं धुतलं तर पुरे?

माती ओली असतानाच धुवा. आपली काळी माती सुकली की कव्हरच्या आत कडक थर बसतो, चेनला जागा उरत नाही आणि नव्या गाडीतही खरखर ऐकू येते. तळाला पाणी बाहेर जायचं भोक असेल तर ते काडीने मोकळं करा. जोराच्या फवाऱ्याने थेट चेनच्या कड्यांवर मारू नका. धुतल्यावर दोन-तीन किलोमीटर चालवून सुकवा आणि ऑइल द्या. पाणी राहिलेली कोरडी चेन रात्रीत गंज धरते.

घासतेय, पण ऑफिसला जायचंय. चालवू का?

रंग गेलाय, आवाज अधूनमधून आहे, चेनला दोन्ही बाजूंनी कड्या शाबूत आहेत, तर सावकाश गॅरेजपर्यंत जा. पण चेन दातांवरून उडी मारत असेल, चेन लॉकची क्लिप दिसत नसेल, एखादी पट्टी चिरलेली असेल, टायर कापला गेला असेल किंवा केसिंगमधून ऑइल गळत असेल, तर गाडी तिथेच लावा. धावत्या गाडीची चेन तुटली की ती पुढच्या स्प्रॉकेटभोवती गोळा होऊन केसिंग फोडू शकते किंवा मागचं चाक जाम करू शकते. पुणे हायवेवर मागून ट्रक येत असताना चाक जाम होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

गॅरेजात गेल्यावर काय सांगायचं?

‘चेन टाइट करा’ असं सांगू नका, तेवढंच होईल. आवाज कधी येतो ते सांगा, एकटं असताना की मागे कोणी बसल्यावर, अॅक्सिलरेटर देताना की सोडताना. शेवटचं काम काय केलं होतं आणि आवाज त्याच्या आधीपासून होता की नंतर सुरू झाला, हे सगळ्यात आधी सांगा. खडूच्या चाचणीचा फोटो असेल तर दाखवा. कव्हर तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि काढलेले जुने पार्ट घरी आणा. जुन्या स्प्रॉकेटचे दात हातात घेऊन बघितले की पुढच्या वेळी गाडीवरच ओळखता येतात.